बोटभर काळं

“तुम्ही फक्त डाग दाखवा. परत याल तेव्हा तो कुठं होता, हे तुम्हालाच आठवणार नाही!”

सिराज कलईगर हे वाक्य फोनवर म्हणत, समोरासमोर म्हणत, आणि तरीही कुणाच्या कानी पडायचं राहून जाऊ नये म्हणून त्यांनी ते व्हिजिटिंग कार्डावर छापून घेतलं होतं. चकचकीत कार्ड, निळी अक्षरं: ‘सिराज सरफेस रिपेअर, कसबा पेठ. डाग होता, हे आठवणारही नाही!’ पुण्यात एवढी बढाई छापून वाटायला छाती लागते. इथं लोक कार्ड हातात पडल्याबरोबर उलटं करून मागं काय आहे ते बघतात. मागं काही नव्हतं. सांगण्यासारखं सगळं पुढंच संपलं होतं!

धंदा खानदानी. सिराजभाईंचे अब्बा तांबट आळीच्या तोंडाशी भट्टी मांडून तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई लावायचे. घरोघरी स्टील आलं आणि अब्बांची भट्टी विझली. सिराजभाईंनी घासणं मात्र सोडलं नाही. भांडी सोडली आणि ते संडास-बाथरूमकडं वळले. साध्यासुध्या नव्हे हं! हिंजवडीतल्या कंपन्या, मॉल, मल्टिप्लेक्स. तिथल्या वॉशरूममध्ये बेसिनांचा तो लांबलचक पांढरा ओटा असतो ना, तो. दिसायला संगमरवर, जातीनं प्लास्टिकचा चुलतभाऊ. त्याची खुबी अशी, की तो वरपासून खालपर्यंत एकसारखा असतो. डाग पडू दे, चरा जाऊ दे, कोपरा उडू दे; वरचा पातळ पापुद्रा घासून काढला की खालून तोच नवा होऊन निघतो. माणसाला ही सोय नाही याचं सिराजभाईंना नंतर फार वाईट वाटलं. पण ते नंतर.

अब्बांचा एक नियम होता. भांडं कितीही लखलखलं तरी काठाजवळ बोटभर जागा काळी सोडायची. भांडं न्यायला आलेल्या बाईनं आधी ते काळं बघायचं, मग पांढरं बघायचं, आणि मग तिच्या डोळ्यांदेखत अब्बा ते बोटभरही उजळून देणार. “गिऱ्हाइकाला आधीचं दिसलं पाहिजे, सिराज,” ते म्हणायचे. “नाहीतर काय होतं आणि काय झालं, याला साक्षीदार कोण?” सिराजभाईंनी हा नियम ओट्यांनाही लावला आणि वीस वर्षं पाळला. मोडला तो एकदाच.

लेडीज वॉशरूमचं काम असलं की त्यांच्या पत्नी कमरजहांभाभी बरोबर यायच्या. दाराशी प्लास्टिकचं स्टूल टाकून, मांडीवर मेथीची जुडी घेऊन त्या बसत, आणि कुणाला थांबवायचं, कुणाला वरच्या मजल्यावर पिटाळायचं हे बघत. घरात दोघं एकमेकांशी बोलत ती बोली वेगळी. पण नवऱ्याला सुनवायचं असलं की भाभी पेठेतल्या शाळेत शिकलेल्या मराठीवर येत. टोचायला हीच भाषा बरी पडते, असं त्यांचं मत होतं.

तर एका शुक्रवारी सिराजभाई आणि भाभी हिंजवडीतल्या एका कंपनीत काम बघायला गेले. गेटवर वॉचमननं दोघांच्या मोबाइलच्या कॅमेऱ्यावर लाल स्टिकर चिकटवला. आत फोटो काढायला सक्त मनाई! सिराजभाईंना हसू आलं. बाथरूमच्या ओट्यात कसली आली आहेत गुपितं?

चौथ्या मजल्यावर सफाईचे सुपरवायझर पोपटराव वाट बघत होते. सहा बेसिनांचा ओटा, आणि काय नव्हतं त्याच्यावर! कॉफीच्या मगांची वर्तुळं, लिपस्टिक, केसांचा रंग, नेलपॉलिशचे थेंब, बोअरच्या पाण्याचा पांढरा थर. मुली तिथं नटून मीटिंगला जात, पण नटण्यातलं निम्मं ओट्यालाच लागत असावं.

“हे किरकोळ आहे हो,” पोपटराव म्हणाले. “हा बघा खरा प्रताप. ॲसिड! आमच्याच बाईनं सांडलंय. रिपोर्ट गेलाय वर.”

शेवटच्या बेसिनाजवळ एक करपट तपकिरी डाग होता. सिराजभाईंनी त्याच्यावरून बोट फिरवलं आणि ते मनातल्या मनात हसले. ॲसिड ओघळतं, पसरतं, जागा खडबडीत करून जातं. हा डाग पट्टीनं आखल्यासारखा होता. दोन बोटं रुंद, वीतभर लांब, कडा सरळ. ॲसिड कसलं? केस सरळ करायचं मशीन कुणीतरी तापलेलं विसरून गेलंय!

हे ते बोलणार, एवढ्यात पोपटरावांना फोन आला आणि ते कोपऱ्यात गेले. दारातून एक बाई हातात फरशी पुसायचा मॉप घेऊन आत आली. हीच ती आरोपी, आम्रपाली.

“भाऊ, तुमी जानकार हायसा. ह्यो ॲसिडचा डाग न्हाई ना?”

“ॲसिडचा बाप आला तरी असा डाग पडणार नाही!” सिराजभाई म्हणाले.

आम्रपालीच्या डोळ्यांत पाणीच आलं. “मी ॲसिडला हातबी लावत न्हाई, भाऊ. पन रिपोर्टात माझं नाव टाकलंय. माझं घर हितनं धा मिनटांवर हाय. सासूचा खुबा मोडलाय, दुपारच्याला जाऊन तिला चार घास भरवून येते. हितनं काढलं तर म्हातारीला कोन बघनार? सोमवारी धा वाजता श्रीनिवास सर सोता डाग बघायला येनार हायेत. माझं समदं त्याच्यावर हाय.”

“येऊ देत की!” सिराजभाईंनी छाती फुगवली. “डाग राहिला तर बघतील ना?”

“म्हंजी?” आम्रपाली म्हणाली, पण तेवढ्यात पोपटरावांनी तिला तिसऱ्या मजल्यावर हाकललं, आणि तिचं ‘म्हंजी’ तिथंच राहिलं.

काम रविवारी करायचं ठरलं होतं, कारण त्या दिवशी ऑफिस रिकामं. सकाळी नऊपासून सिराजभाई ओट्याला भिडले. मशीन घरघरायला लागलं, पांढरी भुकटी उडायला लागली, आणि तासाभरात सिराजभाई पिठाच्या गिरणीतून बाहेर पडल्यासारखे दिसू लागले. आधी जाड पॉलिश पेपर, मग बारीक, मग त्याहून बारीक. कॉफी गेली, लिपस्टिक गेली, उडालेला कोपरा भरून निघाला. चार वाजता फक्त शेवटचं बेसिन उरलं. ऑफिसात चिटपाखरू नव्हतं, तरी भाभी दाराशी मेथी निवडत बसल्या होत्या.

“बोटभर ठेवताय ना?” त्यांनी तिथूनच विचारलं.

“आज नाही ठेवत.”

मेथी थांबली. “का?”

“अगं, त्या बिचारीची नोकरी या डागात अडकलीय. उद्या साहेब आले आणि बोटभर जरी दिसला, तरी म्हणतील, हा बघा आम्रपालीबाईंचा पराक्रम! डागच नाही, तर आरोप कसला?”

“अब्बा काय सांगायचे?”

“अब्बा तांब्याबद्दल सांगायचे. ही आयटी आहे.”

“आयटीतल्या माणसांना डोळे नसतात वाटतं?”

“तू मेथी निवड!”

“निवडते. पण अहो, निदान तो कशाचा होता, ते तरी त्या साहेबांना आधी सांगून ठेवा.”

“सांगतो, सांगतो! आधी काम तर बघू दे त्यांना. तोंडानं सांगायचं काय त्यात? आपलं काम बोलतं.”

आणि सिराजभाईंनी मशीन चालू केलं. खरं सांगायचं तर नुसती दया नव्हती ती. दयेच्या पाठीला पाठ लावून हौसही बसली होती. असला खोल चटका मागमूस न ठेवता काढणं ही ऐऱ्यागैऱ्याची गोष्ट नव्हे! त्या एका वीतभर जागेवर त्यांनी दीड तास घालवला. शेवटी मऊ फडक्यानं पुसून, खाली वाकून, एक डोळा मिटून बघितलं. ओटा असा झाला होता, की त्यात स्वतःचं टक्कल बघून सिराजभाईंना प्रथमच समाधान वाटलं.

सोमवारी पावणेदहालाच सिराजभाई इस्त्रीचा शर्ट घालून ओट्याशेजारी उभे. बरोबर दहाला श्रीनिवास सर आले. हे कंपनीच्या इमारतीचा सगळा कारभार बघत. रोज कर्वेनगरहून हिंजवडीला येता येता माणसाच्या स्वभावातला सगळा ओलावा आटत असावा. त्यांच्या मागं रिपोर्टाचा कागद घेऊन पोपटराव, आणि त्यांच्या मागं आम्रपाली. तिच्या चेहऱ्यावर अभ्यास करून परीक्षेला आलेल्या मुलीसारखा धीर होता.

“आत कुणी आहे का गं? पुरुषमाणसं येताहेत!” भाभींनी आरोळी ठोकली. दोन मुली ओल्या हातांनी पळाल्या.

“कुठंय डाग?” श्रीनिवास सरांनी विचारलं.

हा प्रश्न ऐकण्यासाठी तर सिराजभाई जन्माला आले होते! “तुम्हीच शोधा, साहेब!”

“म्हणजे?”

“सापडला तर नाव बदलीन!”

सरांनी चष्मा पुसला, वाकून बघितलं, तिरकं बघितलं, मोबाइलचा टॉर्च मारून बघितलं. सिराजभाई शेजारून “इथं बघा, आता या बाजूनं बघा” म्हणत आपल्या कौतुकाची वाट बघत राहिले. सर सरळ उभे राहिले.

“कलईगर, मी डाग बघायला आलो होतो.”

“तेच तर!”

“बघायला. पोपटराव म्हणतात ॲसिड. या बाई म्हणतात ॲसिड नाही. मी म्हटलं, या दोघांपेक्षा डागालाच विचारू. तर तुम्ही त्यालाच घालवलंत.”

सिराजभाईंना आधी कळलंच नाही. मग त्यांनी आम्रपालीकडं बघितलं. ती ओट्याच्या त्याच जागेवरून हात फिरवत होती, एकदा, दोनदा, अंधारात काडेपेटी शोधावी तशी. तिच्या बाजूनं बोलणारं एकच होतं तिथं, आणि ते सिराजभाईंनी दीड तास खपून पुसून टाकलं होतं! पायांखालची टाइल सरकल्यासारखं झालं त्यांना.

“साहेब, मी सांगतो ना! ते ॲसिड नव्हतंच. केस सरळ करायच्या मशीनचा चटका होता. वीस वर्षं हेच करतोय मी.”

“तुमच्यावर माझा विश्वास आहे हो. पण कागदावर लिहिलंय ‘ॲसिड’, ओट्यावर काहीच नाही, आणि फोटोला इथं मनाई. म्हणजे उरला कागद. बाईंचं आणि तुमचं आधी काही बोलणं झालं होतं का?”

इथं एखादा बेरकी माणूस नाही म्हणाला असता. सिराजभाई पडले सरळ! “झालं होतं ना. शुक्रवारी.”

“काय म्हणाल्या?”

“म्हणाल्या, माझं सगळं या डागावर आहे.”

पोपटरावांनी खिशातून पेन काढलं. “म्हणजे बाईंनी सांगून डाग काढून घेतला!”

“नाही हो! मी आपणहून...”

“आपणहून,” पोपटरावांनी तेही लिहून घेतलं.

आता गप्प बसणं शहाणपणाचं होतं. पण चूक झाली की ती तिथल्या तिथं घासून काढायची, ही सिराजभाईंच्या हातांची सवय. “थांबा!” ते ओरडले. “मी तसाच डाग परत पाडून दाखवतो! माप बघा, कडा बघा, मग ठरवा!” आणि कुणी नको म्हणायच्या आत ते बाहेर पळाले.

कानांना हेडफोन लावून बसलेल्या दोनशे इंजिनिअरांसमोर पूर्ण टक्कल पडलेला एक घामेजलेला माणूस येऊन उभा राहिला आणि ओरडला, “केस सरळ करायचं मशीन आहे का कुणाकडं? फार अर्जंट आहे!”

एका मुलीनं त्यांच्या डोक्याकडं बघून तोंडावर हात धरला. शेवटी खिडकीजवळची स्पृहा नावाची मुलगी उठली. तिनं खालच्या ड्रॉवरमधून मशीन काढून दिलं. देताना तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण सिराजभाईंना तेव्हा चेहरे बघायला सवड नव्हती.

मशीन नव्या जमान्याचं. तापायचं आणि आपोआप बंद व्हायचं! दोनदा तसं झालं. श्रीनिवास सरांनी घड्याळ बघितलं. तिसऱ्यांदा सिराजभाईंनी बटण धरून ठेवलं, मशीन हलू नये म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना टिश्यू पेपरच्या घड्या कोंबल्या, आणि वरून अंगठ्यानं दाब दिला. ओटा करपायला लागला. सिराजभाईंना आनंद झाला. टिश्यू पेपरही करपायला लागले, हे त्यांना धूर छताला लागल्यावर कळलं.

मग जे काही भोंगे वाजायला लागले! सातही मजल्यांवरून माणसं जिन्यांनी खाली लोटली. पिवळी जाकिटं घातलेले लोक “लिफ्ट वापरू नका” म्हणून ओरडत होते. कुणी लॅपटॉप छातीशी धरला होता, कुणी अर्धं सँडविच. भाभी मेथीची पिशवी घेऊन चार मजले उतरल्या, आणि आम्रपाली मॉप घेऊन. पार्किंगच्या उन्हात अडीच हजार माणसं उभी राहिली आणि एकमेकांना विचारू लागली, की आग कुठं लागली.

“प्रात्यक्षिक चांगलं झालं, कलईगर,” श्रीनिवास सर घाम पुसत म्हणाले. “एकही माणूस त्यातून सुटला नाही.”

सिराजभाई एका स्कूटरवर टेकून बसले. तेवढ्यात स्पृहा त्यांच्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, “काका, तो पहिला डागही याच स्ट्रेटनरचा. क्लायंट कॉल होता, तेव्हा त्याचं ऑटो-ऑफ मी बंद ठेवलं होतं, आणि घाईत तसंच ऑन ठेवून गेले. वीकेंडभर इतकं गिल्टी वाटत होतं! आज सरांना सांगणारच होते, शपथ. पण सकाळी येऊन बघितलं, तर काउंटर एकदम क्लीन! डाग होता असं वाटतच नव्हतं. म्हटलं, चला, फिक्स झालं. आता कशाला विषय काढायचा?”

सिराजभाईंना रागवायचं होतं. पण रागवणार कुणावर? ती पोरगी त्यांचं कार्डच त्यांना वाचून दाखवत होती.

“बाळ,” भाभी म्हणाल्या, “त्या डागापायी आम्रपालीची नोकरी चाललीय.”

“आम्रपाली कोण?”

भाभींनी बोट दाखवलं. चार पावलांवर ती मॉपच्या काठीवर हनुवटी टेकवून उभी होती. स्पृहाला ती दिवसातून चारदा दिसायची. तिचं नाव स्पृहानं त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. स्पृहाचे डोळे भरून आले आणि “मी सांगते, नक्की सांगते,” असं ती दोनदा म्हणाली.

तासाभरानं सगळे वर गेले. ओट्यावर डाग उमटला होता. दोन बोटं रुंद, वीतभर लांब, कडा सरळ!

“हेच! साहेब, अगदी हेच माप!” सिराजभाईंचा आवाज चिरकला.

“हा तुमचा डाग,” श्रीनिवास सर म्हणाले. “याचा रिपोर्ट वेगळा होईल.”

स्पृहानं सांगितलं, पण धीर गोळा करण्यात तीन दिवस गेले आणि ईमेल गेला गुरुवारी. आम्रपालीला सोमवारी बारा वाजताच दुसऱ्या साइटवर पाठवल्याचा कागद मिळाला होता. श्रीनिवास सरांनी तिचं नाव रिपोर्टातून काढायला लावलं, सफाईच्या कंत्राटदाराला दोनदा फोन केले. कंत्राटदार म्हणाला, आता तिथं दुसरी बाई घेतली, जागा भरली. आम्रपालीचं नाव स्वच्छ झालं. ती मात्र खराडीच्या एका मॉलमध्ये गेली. दोन बस जाताना, दोन बस येताना.

स्वतः पाडलेला डाग काढायला सिराजभाई पुढच्या रविवारी गेले. सगळा घासून काढला आणि बोटभर तपकिरी सोडला. सोमवारी श्रीनिवास सर म्हणाले, “एवढं राहिलंय.” “राहू द्या, साहेब,” सिराजभाई म्हणाले. सरांनी त्यांच्याकडं जरा वेळ बघितलं आणि विषय सोडून दिला. हल्ली त्या बोटभर जागेवर हँडवॉशची बाटली ठेवलेली असते.

महिन्याभरानं संध्याकाळी मनपाच्या स्टॉपवर सिराजभाईंना आम्रपाली भेटली. बस बदलायला उतरली होती. तिला चुकवून पलीकडं जावं असं त्यांच्या मनात आलं. तोवर तिनंच हाक मारली.

“भाऊ! बरं हाय ना?”

“सासूबाई कशा आहेत?”

“दुपारचं शेजारीन बघती. कदी जमतं, कदी न्हाई. म्हातारी मग उपाशीच झोपती.” मग तिला वाटलं असावं, की या माणसाचा चेहरा फारच उतरला. त्याला बरं वाटावं म्हणून ती मनापासून म्हणाली, “पन काम लई भारी केलं हुतं हं भाऊ तुमी. मी दोन वर्सं रोज त्यो ओटा पुसायची. मलाबी जागा गावली न्हाई.”

बस आली. ती लटकून गेली. सिराजभाईंना वीस वर्षांत मिळालेली ती सगळ्यात मोठी शाबासकी होती, आणि ती घेऊन घरापर्यंत चालत जाणं त्यांना जड गेलं.

घरी आल्यावर त्यांनी कपाटातून कार्डांचा डबा काढला, बॉलपेन घेतलं आणि एकेका कार्डावरची ती खालची ओळ खोडायला सुरुवात केली.

“खोडताय कशाला?” भाभींनी विचारलं. “शब्द न् शब्द खरा आहे.”

खाली मान घालून सिराजभाईंनी पन्नासेक कार्डं खोडली आणि गठ्ठा करायला उचलली. पण चकचकीत कागद तो! त्याच्यावर शाई कसली धरतेय? सगळी त्यांच्या अंगठ्याला आली. कार्डं जशीच्या तशी कोरी करकरीत, निळी ओळ झळकत होती. आणि आपण ती कधी खोडली होती, हे दाखवायला एकाही कार्डावर डाग म्हणून उरला नव्हता.